जिवंत बकरा की गोठवलेलं मांस?

भारतातून आखाती देशांकडे दोन्ही जातं. पण हिशेब अगदी वेगळा.

आधी गोठवलेलं. निर्यातीला परवानगी म्हशीच्या मांसाला, गाईच्या नाही. आणि तेही हाडं काढूनच. कापलेलं धड 2 अंशांच्या वर किमान 24 तास थंड खोलीत टांगतात. स्नायूंचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) 6 च्या खाली आला की लाळ्या-खुरकत या जनावरांच्या साथरोगाचा विषाणू मरतो. लसीकागाठी (लिम्फ नोड) आणि हाडांत मात्र तो तग धरतो, म्हणून त्या काढायच्या. मग उणे 18 अंश आणि 20 किलोचे खोके. 40 फुटी कंटेनरमध्ये साधारण 1,400. सामू उतरला नाही तर माल बाद. कातडं, हाडं, चरबी इथंच राहते. कोल्हापुरी चपलेच्या तळव्यालाही म्हशीचंच कातडं लागतं.

जिवंत शेळ्या-मेंढ्यांत पैसा लवकर सुटतो, बकरी ईदला भावही चढतो. पण कातडं परदेशी जातं, आणि बोटीवरच्या उकाड्यात, दाटीत मेलेल्या जनावराचा पैसा बुडतोच. 2018 मध्ये नागपूरहून शारजाला विमानानं बकरे पाठवायचा बेत जैन समाजाच्या विरोधानंतर बारगळला. 2023 मध्ये केंद्रानं जिवंत निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा मागं घेतला.

आमचं मत गोठवलेल्याकडे झुकतं. मात्र कत्तलखान्यापर्यंतचा ट्रकप्रवास त्यातही आहेच. 1978 च्या नियमांत एका मालट्रकमध्ये 6 च मोठी जनावरं. रस्त्यावर मोजून बघा.