पाटी रस्त्याकडे काढावी की भिंतीलाच ठेवावी?

कौलारू घराच्या पडवीत दुकान असलं की पाटीचा घोळ ठरलेलाच. भिंतीला सपाट लावली तर ती पागोळ्यांच्या आड जाते. त्यात आगोटीला शेजाऱ्याने पुढे निळं प्लास्टिक बांधलं, की गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला ती चार महिने दिसत नाही. म्हणून काही दुकानदार नगरपंचायतीकडे खास बाब म्हणून ठरलेल्या मापापेक्षा मोठी, रस्त्याकडे बाहेर येणारी पाटी मागतात. मीही मागितली. मिळाली, तीन पावसाळे वापरली आणि आता उतरवली आहे. तेव्हा माझं पारडं कुठे झुकतंय हे धरूनच पुढचं वाचा.

मोठ्या पाटीचं आधी भलं सांगतो. मे महिन्यात गाडीतून बघत जाणारा मुंबईकर तिच्यामुळे थांबतो. पहिल्या वर्षी कोकमाचं आगळ आणि आंबापोळीला अनोळखी गिऱ्हाईक जास्त आलं असं वाटलं. वहीत मांडलेलं नाही. अर्जाचाही फार बाऊ करू नये. जागेचा नकाशा, दोन्ही बाजूंनी फोटो, शेजाऱ्यांची ना-हरकत, सांगाड्याचं रेखाचित्र, एवढ्यावर माझं काम झालं. फक्त ‘धंदा होत नाही’ म्हणून भागत नाही, अडचण आपल्याच जागेची आहे हे दाखवावं लागतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पडून १७ माणसं गेली. त्यानंतर मजबुतीचा इंजिनिअरचा दाखलाही मागितला गेला, आणि ते योग्यच होतं.

माझं बिनसलं ते करकरीवरून.

खारा वारा रंगाखालून लोखंड खातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आधी खातो तो बोल्टचं भोक. भोक जरा मोठं झालं, की पाटी वाऱ्यावर हलायला लागते. मग मृग लागल्यापासून रात्रभर किर्र... कट्, किर्र... कट्. माडीवरच्या काकी सकाळी दुकानात येऊन काही बोलायच्या नाहीत. नुसत्या पाटीकडे बघायच्या आणि साखर घेऊन जायच्या. वेल्डरने वैशाखात घट्ट करून दिलं, श्रावणात पुन्हा तेच. तो म्हणाला, खालून एक तिरका अँगल टाकू, कायमचं बसेल. बरोबर होतं त्याचं. पण तो अँगल मंजूर रेखाचित्रात नव्हता. म्हणजे नवं रेखाचित्र, नवा दाखला, पुन्हा अर्ज, आणि तोही भर पावसात. एका अँगलसाठी! तिथे मी हात टेकले.

आताची पाटी लहान, पत्र्याची, पेंटरकडून लिहून घेतलेली, भिंतीला स्टेनलेस स्क्रूने बसवलेली. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. लहान पाटीत दोन्ही कोंबली की दोन्ही बारीक होतात. मी इंग्रजी काढूनच टाकलं, त्यामुळे नाव उलट ठळक झालं. पावसाळ्यात ती दिसत नाही, हे खरंच आहे. पण पावसाळ्यात आमच्याकडे येतो तो गाववालाच, आणि तो पाटी वाचून येत नाही.

तुमचं दुकान वळणावर असेल, गिऱ्हाईक सगळं वाटेवरचं असेल, तर कदाचित मोठीच परवडेल. मग सांगाडा पहिल्याच अर्जात जरुरीपेक्षा दणकट दाखवा, तो तिरका अँगल धरून. महामार्गाच्या हद्दीत पाटी येत असेल तर मात्र नगरपंचायतीचा कागद पुरत नाही, तिकडे वेगळं विचारावं लागतं. गल्लीतल्या दुकानाला मी तरी भिंतच सुचवेन.

माझा जुना सांगाडा मागच्या पडवीत पडलाय. कोणाला हवा असेल तर भंगाराच्या भावात देईन. बोल्ट तेवढे नवे घ्या.