पॅम्प्लेट वाटू का पोस्टर चिकटवू?

भाच्यानं लातूरला ट्युशन एरियात मेस काढलीय, म्हणतो मामा काय छापू. खर्चात पॅम्प्लेट बरं, एका ए४ कागदात ए५ ची दोन निघतात, पेपरात टाकली की घरोघर जातात, पण हॉस्टेलची पोरं पेपर घेतात कुठं, आणि हातात दिलं तर पुढच्या चौकात बोळा. पोस्टर महाग, वर खळ लावायची मेहनत, पण पाऊस येईपर्यंत नाहीतर दुसरा कुणी त्याच्यावर आपलं चिकटवेपर्यंत टिकतं (बहुतेक हेच आधी होतं). आणि विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, दिसली भिंत की चिकटव असं चालत नाही बाबा.

घरगुती डबे द्यायचे तर पॅम्प्लेट. पोरं पाहिजेत तर मालकाला विचारून हॉस्टेलच्या जिन्यात पोस्टर.