बेळगावच्या टिळकवाडीतला मॅथ्स क्लास: पैसे वसूल, पण पहिला महिना डोकं फिरतंय

डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला आलो आणि पहिल्याच सेमला मॅथ्सचा बॅक लागला, म्हणून हा क्लास लावला. आरपीडी क्रॉसपासून चालत जाता येतंय. नाव घालत नाही, आधीच बॅचला गर्दी व्हायलीय. फी एका सब्जेक्टला 6 हजार.

पहिल्या दिवशी गेलो तर सरांनी कोरा कागद हातात दिला आणि म्हणाले, कॉलेजात गेल्या आठवड्यात काय झालं ते लिही, वही बघायची नाही. मी नाव आणि तारीख लिहून बसलो, दुसरं काय येणार. रोज पहिली 10 मिनिटं हेच असतंय. कागद कोण तपासत नाही, मार्क नाहीत, आपणच वही उघडून लाल पेनने भरायचं. मला वाटलं सर टाइमपास करतात, कारण आधीच्या क्लासमध्ये कसं, नोट्स सांगायचे, इम्पॉर्टंट प्रश्नांची झेरॉक्स द्यायचे, घरी येताना खानापूरच्या बसमध्ये वाटायचं आपल्याला सगळं येतंय. पेपर हातात आला की काय आठवंना!

दुसरा प्रकार म्हणजे कार्ड. बोर्डावर प्रश्न, चार उत्तरं, चार रंगाची कार्डं. लाप्लास ट्रान्सफॉर्मचं होतं (इंटिग्रल करून टीचं फंक्शन एसमध्ये बदलायचं), टी गुणिले ई रेज टू टू टी, मी एकदम कॉन्फिडन्सने 'एस प्लस टू'वालं कार्ड वर केलं. सर उत्तर सांगतच नाहीत, म्हणतात शेजाऱ्याला पटवा. शेजारी बैलहोंगलचा, त्याला मराठी अर्धी आणि मला कन्नड अर्धं, तरी पाच मिनिटं भांडलो. शेवटी त्याने वहीवर इंटिग्रलच मांडून दाखवलं, आत ई रेज टू मायनस एस टी आहे ना, त्यात टू टी मिळवलं की मायनस, कंसात एस मायनस टू, गुणिले टी होतंय, म्हणजे छेदात एस मायनस टूचा वर्ग. ते आता मरेपर्यंत विसरणार नाही. ही पद्धत हार्वर्डचे फिजिक्सचे एरिक माझुर यांनी 1990च्या दशकात सुरू केली म्हणे, सरच सांगत होते.

महिना झाल्यावर मी फी परत मागायला गेलो होतो, खरं सांगतो. म्हटलं सर, मला काय शिकल्यासारखं वाटंना. ते हसले आणि मोबाईलवर 2019 चा एक अभ्यास दाखवला, तोही हार्वर्डचाच. ज्या पोरांना स्वतः सोडवायला लावलं ती जास्त शिकली, पण विचारल्यावर म्हणाली आम्हाला लेक्चरमध्येच जास्त कळतंय. म्हणजे माझीच गोष्ट की! नंतर घरी शोधलं तर 2014 चा अजून एक सापडला, 225 अभ्यास एकत्र करून काढलेला, त्यात नुसत्या लेक्चरला बसणाऱ्यांची नापास व्हायची शक्यता दीडपट निघालीय. तरी मी कुरकुरतच थांबलो हं, फी परत मिळणार नव्हतीच.

प्रॅक्टिसचं शीट पण मिसळलेलं असतंय, एक लाप्लास, एक फोरियर, मध्येच जुन्या मॉड्यूलचं, म्हणजे सिलॅबसच्या आधीच्या भागातलं. कुठली मेथड लावायची तेच आधी ओळखायला लागतंय, आणि पेपरात तेच अडतंय आमचं.

आता तक्रारी. नोट्स देत नाहीत म्हणजे नाहीतच. 40 पोरांच्या जागेत 55 बसवलीत, मागच्या बाकावरून बोर्ड निम्मा दिसतोय, पार्किंगचं तर विचारूच नका. कार्डात वेळ जातो म्हणून पाचवं मॉड्यूल तीन दिवसात गुंडाळलं, ते मी पेपरात ऑप्शनलाही नीट सोडवू शकलो नाही, 20 मार्कांचं नुकसान. बाकी चार मॉड्यूलवर 61 पडले. मागच्या वेळी 19 होते.

चार स्टार. रविवारी सकाळी डाऊट सेशन असतंय, पण आधी स्वतः दोनदा सोडवून न्या, नुसता प्रश्न घेऊन गेलात तर दारातूनच परत पाठवतात.