नवा हात कामावर घेताना मिळणारे सरकारी अनुदान: दोन योजनांची पारख

लहान कारखान्यांची पगारपत्रके तयार करणे आणि त्यांची भविष्य निर्वाह निधीची चलने भरणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, रोजगाराशी संबंधित एखादी योजना जाहीर झाली की माझ्याकडे येणाऱ्या मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातून आपल्याला नेमके किती मिळणार आणि त्यासाठी किती कागद करावे लागणार? गेल्या काही काळात हा प्रश्न प्रामुख्याने दोन योजनांबद्दल विचारला गेला. एक महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोक अजूनही ‘लाडका भाऊ’ म्हणूनच ओळखतात. आणि दुसरी केंद्र सरकारची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. दोन्हींचा उद्देश सारखाच सांगितला जातो, तो म्हणजे तरुणांना पहिली नोकरी मिळावी आणि त्यांना घेणाऱ्या आस्थापनेचा भार सरकारने थोडा हलका करावा. वापरून पाहिल्यावर मात्र या दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा असल्याचे लक्षात येते. माझे मत आधीच सांगून टाकते: ज्या योजनेत मालकाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो, तीच योजना मालकाच्या आणि मुलाच्याही अधिक उपयोगाची आहे.

राज्याच्या योजनेचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवाराला एखाद्या आस्थापनेत सहा महिने प्रत्यक्ष काम करण्याची संधी द्यायची आणि त्या काळातील विद्यावेतन शासनाने थेट त्याच्या बँक खात्यात जमा करायचे, अशी तिची रचना होती. बारावी उत्तीर्ण असल्यास महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असल्यास ८,००० रुपये आणि पदवीधर किंवा पदव्युत्तर असल्यास १०,००० रुपये. पुढे २०२५ मध्ये हा कालावधी पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आला. मालकाच्या दृष्टीने यापेक्षा सोपे काही असू शकत नाही. महास्वयम् पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करायची, किती जण हवेत ते कळवायचे, मुले रुजू झाली की त्यांची हजेरी दरमहा भरायची, एवढेच काम. प्रशिक्षणार्थी हा कर्मचारी नसल्यामुळे त्याचा भविष्य निर्वाह निधी नाही, कर्मचारी राज्य विमा नाही, किमान वेतनाचा प्रश्न नाही. वर स्वतःहून काही द्यायचे असेल तर तशी मुभा आहे, परंतु ती वापरणारा मालक माझ्या पाहण्यात विरळाच.

हा सोपेपणाच योजनेचा कच्चा दुवा आहे, असे मला सांगायचे आहे. यंत्रकामाच्या शेडमध्ये नवा मुलगा पहिल्या महिन्यात चिपा, म्हणजे धातूचा कीस, झाडतो, जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे भाग, उचलून ट्रेमध्ये लावतो आणि कोणते ड्रॉइंग कोणत्या मशीनचे आहे ते ओळखायला शिकतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्याच्या हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर येतो, आणि त्याने घेतलेले माप सुपरवायझर पुन्हा एकदा तपासून पाहतो. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचा ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातली दुरुस्ती, त्याला स्वतःच्या अंदाजाने बदलू द्यावा इतका विश्वास बसायला, मुलगा हुशार असला तरी, सहा महिने सहज लागतात. म्हणजे ज्या दिवसापासून तो कारखान्याला काही कमावून देऊ लागणार, त्याच सुमारास त्याची मूळची सहा महिन्यांची मुदत संपत आलेली असते. ज्या मालकाने त्याच्यावर एक रुपयाही खर्च केलेला नाही, त्याला या मुलाला ऑफसेटपर्यंत नेण्याची घाई नसते. फुकट आलेल्या माणसाला चिपा झाडायलाच ठेवले तरी कोणाचेच नुकसान होत नाही, असा हिशेब नकळत मांडला जातो. मालक वाईट असतो असे मी म्हणत नाही. खर्चाच्या रकान्यात शून्य असलेल्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, हा पगारपत्रकाचा साधा गुण आहे.

सरकारी कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांनीही याच योजनेतून मोठ्या संख्येने प्रशिक्षणार्थी घेतले, आणि मुदत संपत आल्यावर ‘आम्हाला सेवेत कायम करा’ अशी मागणी घेऊन ही मुले रस्त्यावर उतरली, हे सर्वांनी पाहिले आहे. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. परंतु प्रशिक्षणानंतर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या रचनेतच नव्हते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. घेणाऱ्याने पुढे ठेवून घ्यावे यासाठी कोणतेही आमिष नाही आणि न ठेवल्यास कोणताही तोटा नाही.

उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर ही योजना टाकाऊ नाही. ज्याने कारखान्याचे फाटक आतून कधी पाहिलेले नाही, त्याला सहा किंवा अकरा महिने वेळेवर येण्याची सवय लागते, बायोडेटावर लिहायला एक ओळ मिळते आणि घरी दरमहा काही रक्कम जाते. बारावी झालेल्या मुलीला तालुक्याच्या गावातल्याच एखाद्या कार्यालयात बसून संगणकावरचे काम शिकता येत असेल, तर तिच्यासाठी ६,००० रुपयांपेक्षा ती जागा अधिक मोलाची असते. एवढ्यापुरते मी या योजनेला चांगले गुण देते.

केंद्राच्या योजनेची गोष्ट निराळी आहे. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात तरुणांसाठी पाच योजनांचा जो संच जाहीर झाला होता, त्यातील रोजगाराशी जोडलेल्या प्रोत्साहनाला १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तरतूद ९९,४४६ कोटी रुपयांची, उद्दिष्ट साडेतीन कोटींहून अधिक नोकऱ्यांचे, आणि लाभ १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांना. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग कर्मचाऱ्याचा: जो आयुष्यात प्रथमच भविष्य निर्वाह निधीच्या कक्षेत येतो आणि ज्याचा पगार एक लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला एका महिन्याच्या पीएफ वेतनाइतकी (म्हणजे भविष्य निर्वाह निधी ज्यावर मोजला जातो त्या मूळ वेतन व महागाई भत्त्याइतकी), परंतु कमाल १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, पहिला हप्ता सहा महिन्यांच्या सेवेनंतर आणि दुसरा बारा महिन्यांनंतर, तोही आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. दुसरा भाग मालकाचा: प्रत्येक अतिरिक्त कर्मचाऱ्यामागे दोन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम, आणि उत्पादन क्षेत्रात असल्यास तिसऱ्या व चौथ्या वर्षीही. पीएफ वेतन १०,००० रुपयांपर्यंत असल्यास प्रमाणात कमाल १,००० रुपये, त्यापुढे २०,००० पर्यंत २,००० रुपये, आणि त्याहून अधिक व एक लाखापर्यंत ३,००० रुपये.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. एका नव्या मुलाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आणि घरभाडे भत्ता २,००० रुपये, म्हणजे एकूण पगार १४,००० रुपये आहे असे धरू. मालकाला त्याच्यासाठी पीएफचे १२ टक्के, ठेवीशी संलग्न विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय शुल्काचा अर्धा टक्का, असे १३ टक्क्यांनी १,५६० रुपये भरावे लागतात. राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, तो १४,००० वर ४५५ रुपये होतो. बेरीज २,०१५ रुपये. सरकारकडून मिळणार २,००० रुपये. पंधरा रुपयांचा फरक सोडला तर मुलाला कागदावर घेण्याचा सगळा कायदेशीर खर्च सरकार परत देते, असा याचा अर्थ. पगार मालकानेच द्यायचा आहे. म्हणून या योजनेला पगाराचे अनुदान म्हणण्यापेक्षा ‘मस्टरवर नाव घेतल्याबद्दलची भरपाई’ म्हणणे मला अधिक नेमके वाटते. उत्पादन करणाऱ्या कारखान्याला हीच भरपाई चार वर्षे मिळाली, तर एका माणसामागे ९६,००० रुपये होतात, आणि ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नक्कीच नाही.

ज्या मालकांनी आजवर मुलांना ‘हेल्पर’ म्हणून रोख पगारावर ठेवले आणि विचारले असता ‘सहा महिने बघू, मग नाव लावू’ असे सांगितले, त्यांची मुख्य सबब या हिशेबामुळे निघून जाते. माझ्या दृष्टीने योजनेचे खरे मोल इथे आहे. मालक पगार देतो, म्हणून त्याला काम हवे असते. काम हवे असते, म्हणून तो शिकवतो. आणि सहा महिने टिकल्याखेरीज भरपाईच मिळत नसल्यामुळे मुलगा टिकावा याचीही त्याला काळजी वाटते. राज्याच्या योजनेत या तीनही दुव्यांची उणीव आहे.

आता त्रुटी. पहिली म्हणजे पैसे मागाहून येतात. पगार महिनाअखेरीस द्यावा लागतो आणि चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागते. प्रोत्साहनाची रक्कम मात्र नोकरी सहा महिने टिकल्याचे दिसल्यानंतरची गोष्ट आहे. ज्याची बिलेच ग्राहकाकडे नव्वद-नव्वद दिवस अडकलेली असतात, त्या जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे काम मजुरीवर, करणाऱ्याला सहा महिन्यांनंतरच्या पैशांचा आजच्या दिवसाला काहीच आधार नसतो. या बाबतीत २०१६ ची प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजना आणि करोनाच्या काळातील आत्मनिर्भर भारत रोजगार योजना अधिक सुटसुटीत होत्या, कारण त्यांत सरकारचा हिस्सा चलनातच धरला जाई आणि मालकाला तेवढी रक्कम मुळात भरावीच लागत नसे. त्यांचा दोष दुसरा होता: दोन्हींची पात्रता १५,००० रुपयांच्या आतील वेतनापुरती असल्यामुळे मुलाचा पगार त्या रेषेच्या अलीकडेच रेंगाळत ठेवण्याचा मोह होत असे. नव्या योजनेत मर्यादा एक लाखापर्यंत नेल्यामुळे तो मोह उरला नाही, ही सुधारणा मान्य करायला हवी.

दुसरी त्रुटी संख्येच्या अटीची. ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेने किमान दोन आणि त्याहून मोठ्या आस्थापनेने किमान पाच अतिरिक्त माणसे घ्यायला हवीत, आणि ती टिकायला हवीत. पन्नाशीच्या आसपास असलेल्या कारखान्याला ही अट विचित्र रीतीने जाचते. ४८ माणसांच्या शेडला दोघांवर भागते, तर ५२ माणसांच्या शेडला एकदम पाच जणांची सोय लावावी लागते. त्यातच औद्योगिक वसाहतीतील मुले दिवाळीला गावी गेली की परत येतीलच असे नाही, आणि आली तरी पाचशे रुपये जास्त देणाऱ्या शेजारच्या शेडमध्ये जातात. पाचव्या महिन्यात एक जण असा गेला, तर मालकाने आधीच मनात खर्च करून टाकलेले अनुदान हातून निसटते. म्हणून मी मालकांना सांगते की, ही रक्कम उत्पादनखर्चात वजा धरून ग्राहकाला दर देऊ नका. आली तर वरकड समजा.

नोंदणीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण वेळ तिथेच जातो. नव्या कर्मचाऱ्याचा यूएएन क्रमांक, म्हणजे त्याच्या पीएफ खात्याचा कायमचा ओळख क्रमांक, आता सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा पडताळून काढावा लागतो. शेडमध्ये अंधार, मुलाचा मोबाईल जुना, पडद्यावर तडा. मग त्याला फाटकाबाहेर उजेडात उभे करायचे, टोपी काढायला लावायची आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायला सांगायची. तीन वेळा नाही जमले तर चौथ्यांदा जमते. खरी अडचण नावाची असते: आधारवर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव पूर्ण, बँकेत फक्त आद्याक्षरे, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आणखी तिसरेच लेखन. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होणार असल्यामुळे हे सारे रुजू होण्याआधी जुळवून घेणे शहाणपणाचे आहे. मालकाची रक्कमही पॅनशी जोडलेल्या खात्यातच येते, आणि भागीदारी संस्थेच्या पॅनऐवजी एखाद्या भागीदाराचाच पॅन बँकेत नोंदलेला असतो, असे प्रकार मी पाहिले आहेत.

पहिल्या भागातील कर्मचाऱ्याच्या रकमेचा काही अंश ठरावीक काळासाठी बचतीत अडकवून ठेवला जातो. हे मुलांना आवडत नाही, आणि मालकाला त्याबद्दल विचारले जाते. त्यात मालकाचा काही संबंध नाही हे आधीच समजावून सांगावे.

ज्यांच्याकडे तीस किंवा त्याहून अधिक माणसे आहेत, त्यांनी या दोन्हींच्या आधी शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याकडे पाहावे, असे माझे मत आहे. १९६१ च्या त्या कायद्यानुसार मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेणे त्यांना बंधनकारकच आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. हे बंधन न पाळता नव्या योजनांच्या मागे धावणारे कमी नाहीत.

राहिला प्रश्न छोट्या आस्थापनांचा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस माणसांपासून लागू होतो. त्यामुळे सात-आठ मुलांवर चालणारे गॅरेज, खानावळ, टेलरिंगचे दुकान किंवा फॅब्रिकेशनची टपरी, म्हणजे पहिली नोकरी बहुतेकांना जिथे लागते ती ठिकाणे, केंद्राच्या योजनेच्या बाहेरच राहतात. स्वेच्छेने पीएफची नोंदणी करण्याचा मार्ग त्यांना खुला आहे. परंतु दोन माणसांच्या अनुदानासाठी आठही जणांची चलने कायमची गळ्यात घ्यायला असा मालक तयार होत नाही, आणि मीही त्याला तसा सल्ला देत नाही. अशांनी राज्याच्या योजनेतून नोंदणीच्या अटी पूर्ण होत असतील तर एखादा प्रशिक्षणार्थी घ्यावा, त्याला विद्यावेतनावर स्वतःकडून दोन हजार रुपये द्यावेत, आणि कोणत्या महिन्यात त्याच्याकडून कोणते काम स्वतंत्रपणे करून घ्यायचे ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.