रोडरेलर मार्क पाच : जोडणी झकास, बोगीचा हिशेब अवघड

ट्रकचा ट्रेलर क्रेनने उचलून वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, ठेवण्याऐवजी वाघीणच काढून टाकायची. ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली रेल्वेची बोगी, म्हणजे डबा नव्हे तर नुसता रेल्वेच्या चाकांचा गाडा, घालायची, एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीत अडकवायचं आणि पुढे इंजिन लावायचं. रोडरेलर म्हणजे एवढंच. अमेरिकेत चेसापीक अँड ओहायो रेल्वेने 1950च्या दशकात 'रेलव्हॅन' नावाने याची सुरुवात केली, मग बाय-मोडल कंपनीने ते पुन्हा उभं केलं आणि 1991 पासून वाबाश नॅशनलच्या नावावर ते विकलं गेलं. सगळ्यात मोठी गिऱ्हाईक म्हणजे नॉरफोक सदर्न रेल्वेची ट्रिपल क्राऊन सेवा. ती 1986 साली सुरू झाली, इंडियानातलं फोर्ट वेन हे तिचं मुख्य ठाणं होतं आणि 2024च्या ऑगस्टमध्ये शेवटची गाडी धावली. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने हेच तंत्र आपल्या ब्रॉडगेजसाठी आणलं, म्हणून मराठी ट्रान्सपोर्टवाल्यांनीही याचे गुणदोष नीट पाहून ठेवावेत.

इथे परीक्षण मार्क पाचचं आहे, म्हणजे सुटी बोगी असलेल्या आवृत्तीचं. निकाल आधीच देऊन टाकतो: एकच मोठा माल पाठवणारा, दोन ठरलेली शहरं आणि दोन्ही बाजूंना भरलेला माल असेल तर पाचपैकी चार गुण. चार गावांचा फुटकळ माल गोळा करून चालवायचं असेल तर दोन, आणि तेही यंत्राच्या सुबकपणासाठी.

आधीच्या मार्क चारमध्ये रेल्वेच्या चाकांचा एक आस ट्रेलरलाच कायमचा बसवलेला असे. रुळावर आला की तो खाली करायचा, रस्त्यावर निघाला की वर घ्यायचा. टर्मिनलवर वेगळी बोगी सांभाळायची कटकट नाही हे छान, पण ते लोखंड हायवेवरही सोबत हिंडतं. अमेरिकेत घोडा (ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग), ट्रेलर आणि माल मिळून 80,000 पौंडांची, म्हणजे साधारण 36.3 टनांची मर्यादा आहे. त्यामुळे ट्रेलरला चिकटलेला प्रत्येक किलो थेट भाड्यातून वजा होतो. मार्क पाचने रेल्वेची चाकं रुळावरच ठेवली. तरी साध्या ट्रेलरपेक्षा हा जड भरतोच, कारण गाडीची सगळी ओढ ट्रेलरच्या सांगाड्यातून जाते. नाकाला जीभ, पाठीला तिचा खोबणीचा जबडा आणि मधल्या रेल्स, सगळंच त्या हिशेबाने मजबूत करावं लागतं.

आता प्रत्यक्ष जोडणी. हा भाग खरोखर बघण्यासारखा आहे.

यार्डात रूळ फरशीच्या पातळीत गाडलेले हवेत, म्हणजे रबरी टायर त्यावरून बिनधक्का फिरतात. लाइन सरळ आणि सपाट हवी. फोर्कलिफ्टने किंवा यार्डातल्या ट्रॅक्टरने बोगी जागेवर आणतात आणि ती हलू नये म्हणून अडवतात. ड्रायव्हर ट्रेलरच्या एअर सस्पेन्शनमध्ये हवा भरून मागचं टोक नेहमीच्या उंचीपेक्षा वर उचलतो आणि सावकाश रिव्हर्समध्ये बोगीवर घेतो. टोक बोगीवर टेकवलं, लॉक बसले, की रस्त्याची चाकं वर खेचून अडकवायची. आता ट्रेलरची पाठ रुळावर आणि नाक अजून घोड्याच्या फिफ्थ व्हीलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या तबकडीवर. तशाच अवस्थेत घोडा ट्रेलरला मागे ढकलतो. मागे आधीचा ट्रेलर आपल्या पायांवर (लँडिंग लेगवर) नाक पुढे करून उभा असतो. त्याची जीभ नव्या ट्रेलरच्या जबड्यात शिरते, उभी पिन पडते, मागच्याच्या नाकाचा भार पुढच्याच्या बोगीवर येतो. मग मागच्याचे पाय वर घ्यायचे, ब्रेकचे होज पाइप जोडायचे आणि पुढचा ट्रेलर आणायचा.

गाडी अशी शेपटाकडून तोंडाकडे बांधत येते. सगळ्यात पुढे कपलरमेट नावाची खास बोगी लागते, तिच्या एका बाजूला ट्रेलरची जीभ अडकते आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचं रेल्वे कपलिंग असतं. त्याशिवाय इंजिन जोडता येत नाही. बोग्यांचं गणित सोपं आहे: 60 ट्रेलरला 60 बोग्या आणि वर एक कपलरमेट. साध्या फ्लॅट वाघिणीवर ट्रेलर चढवला तर एकेका वाघिणीच्या दोन बोग्या आणि वर तिचा सांगाडा ओढावा लागतो. इथे ट्रेलरमागे एकच बोगी आणि सांगाडा शून्य. दोन ट्रेलरमध्ये साधारण फूटभराचीच फट राहते, त्यामुळे वाऱ्याचा अडसरही कमी. 53 फुटी 60 ट्रेलरची रांग, इंजिन सोडून, एक किलोमीटरच्या आतच मावते. जोडणीत ढिलाई नसल्याने मालगाडीत इंजिन ओढताना बसणारे ते एकामागून एक धक्के नाहीत. मोटारींचे सुटे भाग, कागद, घरगुती यंत्रं असा माल म्हणूनच याच्यावर खूश असतो. मागचा दरवाजा मागच्या ट्रेलरच्या नाकाने जवळपास झाकलेला, त्यामुळे वाटेत हात घालून माल काढण्याची सोय चोरालाही नाही.

क्रेन लागत नाही, कंटेनर उचलणारा रीचस्टॅकर लागत नाही. एक घोडा, एक फोर्कलिफ्ट, थोडी पक्की फरशी आणि जाणते हात, एवढ्यावर टर्मिनल उभं राहतं. कारखान्याच्या कुंपणाला लागून साइडिंग (बाजूची रेल्वेलाइन) असेल तर तिथेच काम होतं. दहा-वीस कोटींच्या यंत्रसामग्रीशिवाय टर्मिनल उघडता येणं ही यातली सगळ्यात मोठी बाजू आहे, आणि जाहिरातीत तिला नेमकं कमी महत्त्व मिळालं.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा उंचीत. हवेचा दाब पुरता भरला नाही, सस्पेन्शनचे बेलो (हवेच्या रबरी पिशव्या) गळके असले किंवा फरशी एका बाजूला खचली असली की मागचं टोक बोगीवर सरळ चढत नाही, घासतं किंवा तिरकं बसतं. ड्रायव्हर घाईत जोर लावतो आणि बोगी मागे ढकलली जाते किंवा लॉकच्या कडा मार खातात. दुसरी चूक पिनची. जीभ आत गेल्यासारखी दिसते पण पुरती गेलेली नसते, पिन अर्धी पडते. गाडी ओढ घेईपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक जोडावर वाकून, टॉर्च मारून पिन खालपर्यंत गेली की नाही हे पाहणारा माणूस हवाच. तो पगार वाचवू नये. तिसरी, रस्त्याची चाकं नीट वर न अडकणं. क्रॉसिंगच्या फळ्या आणि रूळ बदलायचे काटे त्यांना क्षमा करत नाहीत. चौथी, विसरलेले लँडिंग लेग. या दोन्हींसाठी गाडी सुटण्याआधी एक जण दोन्ही बाजूंनी चालत जातो, दुसरा पर्याय नाही.

ब्रेकचं काम साध्या मालगाडीसारखंच, फक्त जोड अधिक. अमेरिकेत मालगाडीचा ब्रेक पाइप 90 पीएसआयला (दर चौरस इंचाला 90 पौंड दाबाला) भरतात आणि गळती मिनिटाला 5 पीएसआयच्या आत असावी लागते. नळी ट्रेलरच्या सांगाड्यातून जाते आणि दर ट्रेलरला होज, म्हणजे गळायला दर ट्रेलरला एक जागा. थंडीत रबर कडक झालं की रात्रीतून सुरळीत निघालेली गाडी सकाळी चाचणीत अडकते. सांधा-सांधा कान लावून तपासणं यातच वेळ जातो.

आता मुख्य रडगाणं. ज्या क्रमाने बांधता, त्याच्या उलट क्रमाने सोडता. शेवटी लावलेला, म्हणजे इंजिनाजवळचा ट्रेलर पहिला सुटतो आणि मधलाच एखादा हवा असेल तर पुढचे सगळे आधी बाहेर काढावे लागतात. ज्या ग्राहकाला पहाटे माल हवा त्याचा ट्रेलर शेपटाला गेला, तर त्याला दुपार होते. म्हणून लोडिंगच्या दिवशीच उतरवण्याचा क्रम ठरवून ट्रेलर आणायला लागतात, आणि रस्त्यावर एखादा उशीर करतो तेव्हा अख्खी गाडी त्याच्यासाठी थांबते किंवा त्याला सोडून निघते.

वाटेत एका बोगीचं बेअरिंग तापलं तर काय? साध्या मालगाडीत ती वाघीण बाजूच्या साइडिंगला काढतात आणि बाकीची गाडी पुढे जाते. इथे मधला ट्रेलर काढायचा म्हणजे त्याच्या पुढच्या-मागच्या जोडांना हात घालावा लागतो, आणि खडीच्या साइडिंगवर घोडा फिरवायला फरशी नसते. छोट्या बिघाडाला मोठा खोळंबा मिळतो. ट्रेलरचा सांगाडा वाघिणीएवढा दाब सोसणारा नसल्यामुळे मालगाडीच्या मधोमध तो लावायचा नाही, हंप यार्डात उतारावरून सोडायचा नाही. एकतर स्वतःची स्वतंत्र गाडी, नाहीतर शेपटाला. अमेरिकेत ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीने काही वर्षं टपाल आणि पार्सलसाठी प्रवासी गाड्यांच्या शेवटी रोडरेलर लावले, ते याच नियमात बसवून.

रिकाम्या ट्रेलरचं वेगळं दुखणं. पुढे हलके आणि मागे जड असतील तर वळणावर ओढ आतल्या बाजूला येते आणि हलकी चाकं रूळ सोडायला बघतात. त्यामुळे वजनाचा क्रमही पाहावा लागतो. उतरवण्याचा क्रम आणि वजनाचा क्रम एकमेकांशी भांडले की टर्मिनलचा मॅनेजर कुणाचं ऐकणार? वजनाचंच ऐकावं लागतं.

ट्रिपल क्राऊनचा उतार याच गोष्टींतून समजतो. 1984 नंतर अमेरिकेत डबल-स्टॅक कंटेनर गाड्या जोमात आल्या. एका वाघिणीवर एकावर एक दोन कंटेनर, आणि कंटेनर जहाजावर, ट्रकवर, कुठेही चालतो. रोडरेलरचा ट्रेलर मात्र फक्त रोडरेलरच्याच घरात राहतो: त्याची बोगी, त्याची फरशी, त्याचं कपलरमेट. 2015 साली नॉरफोक सदर्नने बहुतेक मार्ग बंद करून फक्त डेट्रॉइट ते कॅन्सस सिटी असा मोटारींच्या सुट्या भागांचा मार्ग ठेवला, म्हणजे नेमका तोच, जिथे माल पाठवणारा ठरलेला आणि दोन टोकं पक्की. तोच सगळ्यात जास्त टिकला यात आश्चर्य नाही.

आपल्याकडे काय? बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, कोकण रेल्वेची रोरो सेवा हे वेगळं प्रकरण आहे. 1999 साली कोलाड ते वेर्णा सुरू झालेल्या त्या सेवेत भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट फ्लॅट वाघिणीवर चढतो. घोडा, इंजिन, डिझेलची टाकी, सगळं रुळावर ओढलं जातं. वजनाच्या हिशेबाने ते उधळेपण आहे, पण कुठलाही ट्रक चालतो, खास ट्रेलर घ्यावा लागत नाही, आणि घाटातला मनस्ताप, टायर, डिझेल वाचतं. पाच-दहा गाड्यांचा मालक असेल तर त्याने रोडरेलरच्या वाटेला जाऊच नये, रोरोच बरी. पश्चिम समर्पित मालमार्गावरही डबल-स्टॅक आणि ट्रक-ऑन-ट्रेन चालतात, तेव्हा रोडरेलरला इथेही अमेरिकेसारखीच स्पर्धा आहे.

लांबीचं गणितही करून घ्या. आपल्याकडच्या ठरलेल्या 686 मीटरच्या लूपमध्ये, म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला घ्यायच्या लाइनमध्ये, गाडी मावली पाहिजे. 45 फुटी ट्रेलर आणि मधली फट मिळून 14 मीटर धरले, इंजिन आणि गार्डाचा डबा वजा केला, सिग्नलपाशी थोडी जागा सोडली, तर चाळीस-पंचेचाळीस ट्रेलर हीच एका गाडीची मर्यादा. एवढे ट्रेलर दोन्ही बाजूंना रोज भरू शकणारा माल कुठे आहे याचं उत्तर आधी काढावं. बंद बॉडी आणि मजबूत सांगाडा असल्याशिवाय हा ट्रेलर होत नाही, त्यामुळे ताडपत्री टाकून चालवायच्या उघड्या ट्रेलरवाल्यांना आपला जुना ताफा बदलून टाकता येईल असा भ्रम नको.

विकत किंवा भाड्याने घेताना ट्रेलरचा भाव शेवटी विचारा. आधी पाहायचं ते जबड्याच्या आणि जिभेच्या वेल्डिंगकडे: इथेच गाडीची सगळी ओढ बसते आणि इथेच पाणी साचून गंज धरतो. रंगाखाली बारीक रेघ दिसली तर खरवडून पाहा. दुसरं, दर टोकाला जादा बोग्या किती मिळणार. एका शहरात ट्रेलर जास्त आले आणि दुसरीकडून बोग्या परतल्याच नाहीत, की भरलेले ट्रेलर फरशीवर उभे राहतात. रिकाम्या बोग्या परत पाठवण्याचं भाडं कोणाच्या खिशातून जाणार हे करारात पहिल्या पानावर लिहून घ्या. विक्रेता बहुधा ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात ठेवायला बघेल.