बंदुकीनं 33 दाखवलं अन् मी 9,900 मोजले

आमचं घर दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती लागलेल्या. पुढं ओसरी, मागं गोठा अन् मोरी, मधली खोली आंधळी. धाब्याचं घर होतं तेव्हा या खोलीच्या छताला सानं होतं. उजेडासाठी अन् धुरासाठी ठेवलेलं भोक, दुसरं काही नाही. पाऊस आला की कुणीतरी धावत धाब्यावर जायचं अन् त्यावर गंज (पातेलं) उपडा घालायचं. पुढं स्लॅब पडला. मिस्त्रीनं तीन फूट बाय चार फुटांचे दोन चौकोन मोकळे सोडले अन् वर साधी काच बसवून दिली. आम्ही अजूनही त्याला सानंच म्हणतो.

माझी शिलाई मशीन याच सान्याखाली आहे. दोरा जुळवायला तोच उजेड लागतो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी अन् रामा रंग एकसारखेच दिसतात, अन् चुकीच्या दोऱ्याचा ब्लाऊज बाया बरोबर परत आणून टाकतात. म्हणून होळी झाली की माझे हाल सुरू होतात. उजेड पाहिजे, ऊन नको, अन् दोन्ही एकाच भोकातून येतात.

भिंतीच्या खिडकीला छज्जा असतो. शिवाय मे महिन्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असल्यानं खिडकीतून ऊन फारसं आत येतच नाही. सान्याला ना छज्जा ना आडोसा. आमच्याकडे 22 मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. भरदुपारी सूर्य नेमका माथ्यावर, उभ्या काठीची सावलीही काठीखालीच. त्या आठवड्यात आडव्या काचेवर पडतं तेवढं ऊन वर्षभरात कधी पडत नाही. भाच्यानं नंतर मला हिशेब करून दाखवला. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ऊन पडतं. माझी एक काच चौरस मीटरहून थोडी मोठी. साध्या काचेतून त्यातलं बहुतेक आत उतरतं. म्हणजे छताला हजार-हजार वॉटच्या दोन शेगड्या उलट्या टांगून मी खाली हुक-काज करत होते. कुलर बिचारा काय करेल!

हे सगळं तेव्हा कळलं असतं तर पुढचं झालं नसतं.

2024 चा एप्रिल. लगीनसराईचं काम अंगावर, अन् निवडणुकीची धामधूम. आमच्याकडे 26 एप्रिलला मतदान होतं. त्याआधी फेब्रुवारीत घरावरच्या सोलरची पंतप्रधानांची योजना जाहीर झाली होती. पोस्टमन घरोघरी नोंदणीसाठी विचारत होता, ओसरीवर बसलं की विषय सबसिडीचाच. अशा हवेत एक माणूस मोटरसायकलवर आला. गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र, त्यावर मोठ्या अक्षरात 'ऊर्जा बचत'. पाठीवरच्या बॅगेत ऊन अडवायला काचेला चिकटवायच्या कागदाचे (फिल्मचे) रोल. पाणी प्यायला, सासूबाईंच्या पाया पडला, मग वर पाहून म्हणाला, "ताई, या काचेतून तुमचं बिल आत येऊन राह्यलं."

वाक्य चांगलं होतं. माझा अर्धा होकार तिथंच झाला.

त्यानं पिस्तुलासारखं यंत्र काढलं. कोरोनात कपाळाला लावायचे तसलं, फक्त मोठं, लाल ठिपका पडणारं. त्या दोन वर्षांत आम्ही सगळे या बंदुकीपुढं मान खाली घालून उभे राहिलो होतो, तेव्हा तिच्यावर अविश्वास दाखवावा असं कुणाच्या मनातच आलं नाही. त्यानं खालून काचेवर नेम धरला : 56. मग चांदीसारखा चकचकीत नमुना काठीला लावून काचेखाली धरला अन् त्यावर नेम धरला : 33. "23 डिग्री कमी. उजेड तेवढाच राहते, गरमी वरच्या वर वापस." सासूबाईंनाही आकडा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हाव ना बा, दिसून राह्यलं."

दर 350 रुपये फूट. 24 फुटांचे 8,400. वर 'सबसिडी नोंदणी'चे 1,500. एकूण 9,900, म्हणजे माझ्या शिलाईच्या दरानं 66 ब्लाऊज. एवढे पैसे ऐकून मी कचरले, तेव्हा त्यानं ठेवणीतला पत्ता टाकला : यातले 70 टक्के सोलरच्या योजनेतून परत येतात. मी म्हटलं, पोस्टमननं असं काही सांगितलं नाही. तो हसला. "आचारसंहिता लागली ना ताई. म्हणून पोर्टलवर दिसत नाही. 4 जूनला निकाल लागला की पैसे खात्यात."

आचारसंहितेत नवं काही जाहीर होत नाही हे आम्हालाही माहीत होतं. खोट्याला एवढा खरा टेकू मिळाला की ते भक्कम उभं राहतं. खरी गोष्ट अशी की ती योजना फक्त छतावरच्या सोलर पॅनलसाठी आहे, 3 किलोवॅट अन् त्याच्या वरच्याला 78,000 रुपये. काचेला लावायच्या कागदाला त्यात छदाम नाही. पण मी आधार, लाइटबिल अन् पासबुक, तिन्हींची झेरॉक्स त्याच्या हाती दिली. 4,000 रोख दिले, 5,900 फोनवरून पाठवले. पाठवताना फोनवर नाव आलं ते ओळखपत्रावरचं नव्हतं, कुठल्यातरी बाईचं होतं. "मिसेसचं खातं हाय," तो म्हणाला. बिलावर जीएसटी नंबर नव्हता, पत्ता नव्हता, एक गोल शिक्का होता. हे सगळं मी पाहिलं, अन् पाहून गप्प बसले. 'फसवलं' म्हणताना ही कबुली आधी द्यायला पाहिजे.

लावलेला कागद नमुन्याचा नव्हता. तो दुसऱ्या रोलमधून निघाला, काचेच्या बाजूनं काळपट अन् खालून चमकणारा. काम अर्ध्या तासात झालं, तेही आतल्या बाजूनं, माझ्याच शिवणाच्या टेबलावर स्टूल ठेवून. शेवटी त्यानं परत बंदूक धरली : 35. सगळे खूश. तो गेल्यावर मी मशीनवर बसले तर सुईत दोरा ओवता येईना. भरदुपारी ट्यूब लावावी लागली.

गरमी थोडी कमी झालीही असेल. उजेडच निम्मा झाला तर होणारच. तेवढं तर काचेवर पोतं टाकूनही झालं असतं, फुकटात. पण खोलीत जीव घाबरायचा तो घाबरतच राहिला. एकदा कपडे वाळत घालायला वर गेले अन् सहज काचेला हात लावला, तर चटका बसला. आधी काच तापायची, पण एवढी नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमारास वर 'टण्ण' असा आवाज झाला. मला वाटलं माकडानं काही टाकलं. पाहते तर पहिली काच एका कडेपासून पार मध्यापर्यंत तडकलेली. त्या मेल्या कागदाचा एकच उपकार झाला, त्यानं तुकडे धरून ठेवले. नाहीतर खाली मी होते.

त्याचा फोन आधी वाजायचा, मग कट व्हायचा, मग बंद.

नणंदेचा मुलगा यवतमाळला आयटीआय करून एसी दुरुस्तीवाल्याकडे हाताखाली आहे. सुटीत आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. 33 चा आकडा ऐकून तो गालात हसला. मला राग आला. म्हटलं, यंत्र काय खोटं बोलते? पुढच्या खेपेला तो उस्तादाकडून तसलीच बंदूक मागून घेऊन आला. "मामी, एक स्टीलची परात आना बरं." परात भर उन्हात अंगणात ठेवली, तासाभरानं नेम धरला. आकडा आला 31. "आता हात लावा." मी लावला अन् ओरडले. मग त्यानं परातीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, पाच मिनिटं थांबला अन् टेपवर नेम धरला : 63. तीच परात, तेच ऊन.

बंदूक वस्तूला हात लावत नाही. वस्तूतून निघणारी न दिसणारी किरणं मोजते अन् त्यावरून तापमानाचा अंदाज करते. काळी, खरबरीत वस्तू आपली किरणं सोडते, म्हणून तिचा आकडा बरोबर येतो. चकचकीत धातू आपली फार कमी सोडतो अन् समोरच्याचीच परत फेकतो, आरशासारखा. परातीसमोर आभाळ होतं, म्हणून आकडा थंड आला. माझ्या सान्याखाली धरलेल्या चांदीसमोर माझ्या खोलीची फरशी होती, तिचं तापमान 33. म्हणजे त्यानं मला माझ्याच फरशीचा आकडा विकला.

पत्रकावर '99 टक्के यूव्ही (अतिनील किरणं) बंद' असंही ठळक छापलेलं होतं. भाच्यानं त्याचीही हवा काढली. उन्हातल्या एकूण ऊर्जेत यूव्हीचा वाटा पाचेक टक्के. निम्म्याहून थोडा कमी भाग दिसणारा उजेड, उरलेली सगळी न दिसणारी गरमी. यूव्ही पूर्ण थांबवलं तरी पडद्याचा रंग उडायचा वाचेल, खोली काही थंड होणार नाही.

अन् काच का तडकली? काळपट कागद ऊन परत पाठवत नाही, स्वतः पितो, अन् चिकटलेला असतो काचेला. मधला भाग तापून फुगतो, सिमेंटात दबलेल्या कडा त्या मानानं थंड राहतात. साध्या काचेला ही ओढाताण सोसत नाही. चांगले कागदही असतात, उन्हाचा मोठा भाग खरंच परत फेकणारे. पण कोणत्या काचेला कोणता चालेल हे आधी पाहावं लागतं. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यावर तर असला कागद लावूच नये, पत्र्यातून वायू सुटून फोड येतात. आमच्याच गावात एका घरी त्यानं तोही लावला. आठ दिवसांत देवीच्या फोडांसारखा झाला. तो घरवाला अजून कुणाला सांगत नाही. लाजतो.

आम्हीही लाजलोच. यजमान म्हणाले, "जाऊ दे, कायले गावभर करतं?" तरी जूनमध्ये मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तेव्हा चारसोवीसच होतं; 1 जुलै 2024 पासून फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये गेली, पण जमादारसाहेबांच्या तोंडी अजून चारसोवीसच आहे. त्यांनी पोच दिली. पुढं काही नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथली मुलगी नीट बोलली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, हे सगळं मला तेव्हा कळलं. अडलं कुठं, तर तक्रार करायची कोणावर? शिक्क्यावर एक नाव होतं, त्या नावाचं दुकान कुठंच नव्हतं. मी पैसे देण्याआधी बिलावर पत्ता मागितला असता तर बहुतेक तो त्याच पावली निघून गेला असता.

झेरॉक्सची धास्ती वेगळी. सेतू केंद्रावर जाऊन आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं. आता कुणाला द्यायचंच झालं तर शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क केलेलं आधार देते.

तुमच्याकडे असा कुणी आला तर त्याच्या बंदुकीशी भांडत बसू नका. त्याच्या नमुन्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, थोडं थांबा अन् टेपवर नेम धरायला सांगा. नाहीतर खोलीत साधा थर्मामीटर लटकवून ठेवा, सान्याच्या कवडशापासून लांब, अन् काम झाल्यावर आठ दिवसांनी पैसे देईन म्हणा. माझा थर्मामीटर चुलत दिराच्या कोंबड्यांच्या शेडमधला आहे. तडकलेली काच बदलली तेव्हा मधल्या खोलीत दुपारी 41 होतं अन् ओसरीवर 38. सावलीतली ओसरी थंड अन् बंद खोली गरम!

मग भाच्यानं वर लोखंडी अँगलची चौकट केली, काचेपासून फूटभर उंच, अन् तिच्यावर नर्सरीवाले वापरतात ती 75 टक्केची शेडनेट ताणली. ऊन काचेला लागायच्या आधीच अडलं पाहिजे, अन् काच अन् जाळीच्या मधून वारा वाहता पाहिजे; सगळी करामत एवढीच. एकदा काच तापली की ती गरमी घरातच उतरते. पहिल्यांदा बाजारात मिळाली ती हिरवी नेट आणली, तर खोलीत सगळंच पोपटी दिसायला लागलं अन् एका नवरीच्या शालूला मी भलताच दोरा लावला. मग यवतमाळहून पांढरी मागवली. काचेच्या वरच्या अंगानं चुन्याचा पातळ हातही देते. त्यानं काच हळूहळू खरबरीत होते, ते मला चालतं. उजेड पसरून येतो, कापडावर कवडसा पडत नाही, अन् मृगाचे दोन पाऊस झाले की चुना आपोआप धुऊन जातो. मग आतला थर्मामीटर ओसरीच्या आकड्यापासून अर्ध्या डिग्रीच्या फरकात आला. नेट, अँगल, वेल्डिंग मिळून 2,300 रुपये लागले.

दुसरी काच तडकली नव्हती, म्हणून तिचा नुसता कागद काढला. तो चिंध्या-चिंध्या होऊन निघाला अन् गोंद तसाच राहिला. गरम पाणी, रॉकेल, ब्लेड, सगळं करून झालं. त्या काचेखाली पांढरं कापड अजून पिवळट दिसतं. दोरा जुळवायचा झाला की मी कापड घेऊन पहिल्या सान्याखाली जाते.