इपॉक्सी म्हणून पॉलिएस्टर गळ्यात मारलं! लेआउटवर बंदर करणाऱ्यांनो, जपून

छोट्या रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे रूळ-गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतीच्या देखाव्यात, बंदर करायला घेतलं की दोन गोष्टी डोकं खातात: पाणी आणि धक्क्याची भिंत. दोन्ही एकाच पेटीत देणारा एक ऑनलाइन विक्रेता मला सापडला आणि दोन्हींत त्याने टोपी घातली. नाव लिहून उपयोग नाही, तो दुकानाचं नाव बदलत असतो. म्हणून माल कसा ओळखायचा ते सांगतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: पाणी दाखवायला जाड थरात ओतता येणारं पारदर्शक इपॉक्सी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव), कधीच पिवळं न पडणारं, सोबत एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, प्लास्टरच्या भिंती. 'कधीच' हा शब्द दिसला की सावध व्हावं. साधं इपॉक्सी अतिनील किरणांनी हळूहळू पिवळं पडतंच. चांगल्या रेझिनमध्ये ते लांबवणारे घटक घातलेले असतात, पण 'कधीच' असं कुणी जाणकार लिहीत नाही.

पेटी उघडल्यावर आधी खटकल्या त्या बाटल्या. रेझिनची मोठी आणि हार्डनरची, म्हणजे रेझिन घट्ट करायला त्यात मिसळायच्या द्रवाची, बोटाएवढी, ड्रॉपरची. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या लेबलावर प्रमाण होतं शंभराला दोन. इपॉक्सीचं प्रमाण असं नसतं. ते एकास एक, दोनास एक, तीनास एक अशा घरातलं, म्हणजे हार्डनरची बाटलीही चांगली भरलेली असते. शंभराला एक-दोन भाग टाकायचे असतात ते पॉलिएस्टर रेझिनमध्ये. त्याचं 'हार्डनर' बहुधा एमईकेपी नावाचं पेरॉक्साइड असतं. ते डोळ्यात गेलं तर कायमची इजा होऊ शकते, आणि त्या लेबलावर धोक्याची एक ओळ नव्हती. पैशांपेक्षा मला याचाच जास्त राग आला.

झाकण उघडताच तो उग्र, गोडसर, डोक्यात जाणारा वास आला. स्टायरीनचा. पॉलिएस्टर रेझिन पातळ ठेवायला स्टायरीन घालतात आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच, त्यामुळे स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. माझ्या लेआउटचा सगळा पाया थर्माकोलचा आहे. म्हणून टाकाऊ तुकड्यावर दोन ठिपके टाकले, एक या बाटलीतलं रेझिन आणि शेजारी आधीच्या कामातून उरलेलं खरं इपॉक्सी. हार्डनर कशातच घातलं नाही. इपॉक्सीचा ठिपका चकचकीत, जागच्या जागी. दुसरा मात्र खाली बसायला लागला. कडेचे दाणे एकेक करून आत ओढले गेले आणि बघता बघता तिथे चिकट कडांचा खड्डा तयार झाला. हेच बंदराच्या तळावर ओतलं असतं तर पाण्याबरोबर धक्का आणि वरचे रूळही खाली गेले असते.

या ठिपक्यांचा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं, 'तुम्ही जाड थर ओतलात, इपॉक्सी तापतं, त्याने थर्माकोल वितळलं.' यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच लोक गप्प बसत असणार. इपॉक्सी घट्ट होताना खरंच तापतं आणि एकदम जाड ओतलं तर थर्माकोल वितळूही शकतं. पण ती उष्णता हार्डनर मिसळल्यावर येते. नुसत्या रेझिनच्या ठिपक्याला तापायला काय झालंय? हे लिहिल्यावर तिकडून चिडीचूप.

आता भिंती. प्लास्टर खरं होतं, स्केल खोटं. घडीव दगडाचा एक थर 11 मिलिमीटर. एचओ म्हणजे 1:87, गुणाकार केला तर दगड 96 सेंटिमीटर उंच. मोठ्या गोद्यांमध्ये असे चिरे असतातही, त्यामुळे नुसत्या दगडावरून भांडता येत नाही. पण भिंतीतच ओतलेली लोखंडी शिडी होती. तिच्या पायऱ्यांमधलं अंतर 7 मिलिमीटर, म्हणजे एचओत 61 सेंटिमीटर. अशी शिडी कोण चढणार? खऱ्या शिडीत ते साधारण 30 सेंटिमीटर असतं. तेच 7 मिलिमीटर 1:43.5 ने, म्हणजे ओ स्केलने मोजा, बरोबर 30 येतात. ओ स्केलचा साचा एचओ म्हणून खपवला होता. भिंत घेताना दगड मोजू नका. शिडी, कठडा, माणूस टेकेल असं काहीतरी मोजा.

जाहिरातीतला फोटोही चोरीचा. चित्र शोधून पाहिलं तर एका हौशी माणसाच्या जुन्या लेआउटचा निघाला, कोपऱ्यातली त्याची खूण कापलेली. गंमत म्हणजे त्याने रेझिन वापरलंच नव्हतं. गढूळ हिरवट-तपकिरी रंगवलेला तळ, वर पारदर्शक चकचकीत वार्निशचे पातळ थर आणि लाटांना अॅक्रिलिक जेल. बंदराचं पाणी गढूळच असतं, त्याला खोली लागते कशाला?

पैशांचं म्हणाल तर भिंतींचे मिळाले, कारण पट्टी लावून काढलेला फोटो नाकारता आला नाही. रेझिनचे तक्रार करूनही अडकलेत. आधी 'बाटली परत पाठवा' म्हणाला. पण पेरॉक्साइड धोकादायक मालात मोडतं, कुरिअरवाला साध्या पार्सलात ते घेईना. माझ्याकडे आलं तेव्हा पाकिटावर 'हस्तकला साहित्य' लिहिलेलं होतं! मग म्हणे, 'तक्रार मागे घ्या, पैसे थेट देतो.' तक्रार मागे घेतलेली नाही आणि तुम्हीही अशा वेळी घेऊ नका. एकदा बंद झाली की पुन्हा उघडेल याचा भरवसा नाही.

तोच फोटो आता दुसऱ्या नावाच्या दुकानात दिसतोय. या वेळी चित्रात फक्त मोठी बाटली आहे. कुणाकडूनही असं रेझिन घेताना दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून काढलेला फोटो आणि मिश्रणाचं प्रमाण लेखी मागा. मी नव्या दुकानाला तेच विचारलं. मेसेज वाचलाय, उत्तर नाही.